लाल शेऱ्याच्या नोंदी

३ मार्च, सोमवार

चढलं एकदाचं! सकाळी अकरा वीसला मी ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबलं आणि आमच्या दप्तरखान्यातल्या एकेचाळीस हजार नोंदी सामायिक पोर्टलवर गेल्या. कागद नाहीत गेले, नुसत्या नोंदी. कुठल्या पेटीत कुठली फाईल, कशाबद्दल, कोणत्या सालची, कुणाच्या नावाची. पण ही सूची मी बावीस वर्षं तळघराच्या जिन्याशेजारच्या खोलीत बसून केली, आणि आता ती कुणालाही घरबसल्या दिसणार. नव्या सॉफ्टवेअरची गंमत अशी की आपण इथे नोंदीत एक अक्षर बदललं, तरी ते आपोआप पोर्टलवरही बदलतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तळघर सांभाळणारा पहिलवान (वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून पहिलवान) म्हणाला, “ताई, आता माणसं इथे यायची बंद होणार.” मी म्हटलं, “उलट वाढतील. तू पेट्या उचलायची तयारी ठेव.”

बटण दाबायला मला दहा मिनिटं लागली, हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार. काहीही नवं सुरू करायचं म्हटलं की मला भीतीच वाटते. आई म्हणते, माझं काळीज सशाचं. अकरा वर्षं वाट पाहून मिळालेली एकुलती एक म्हणून जरा जास्तच जपलं तिने मला, त्याचा हा परिणाम.

संध्याकाळी टॅबवर आईला पोर्टल दाखवलं. तिने तीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलंय, त्यामुळे बोटं अजून पळतात आणि भाषाही कोर्टाचीच. ‘गुडघा दुखतोय, सबब आज भांडी तू घास’ असं बोलते. “शोध काहीही,” म्हणून मी चहा करायला गेले. परत आले तर टॅब पालथा घातलेला आणि आई खिडकीशी उभी. डोकं चढलं म्हणाली. चहा तसाच निवला.

४ मार्च, मंगळवार

आईने सकाळी विचारलं, “एकदा वर चढवलेलं खाली काढता येतं का गं?” मला बरं वाटलं, तिने माझ्या कामात रस घेतला म्हणून. अर्धा तास समजावून सांगितलं. तिने मान डोलावली, पण लक्ष नव्हतं. रक्तदाब तपासून घ्यायला हवा.

६ मार्च, गुरुवार

लिहायचं धाडस होत नाही. तरी लिहिते.

दुपारी एक निवृत्त मास्तर वाचनकक्षात आले. जुन्या बालकाश्रमाच्या इमारतीचा इतिहास लिहिताहेत. म्हणाले, “पोर्टलवर आश्रमाच्या नोंदी फार सविस्तर दिल्यात तुम्ही. नावं, पत्ते, सगळं.” बालकाश्रमाचं दप्तर बंद आहे. शंभर वर्षं कुणालाही दाखवायचं नाही, असा नियम.

पळत खोलीत आले, पोर्टल उघडलं. तीनशे अठरा नोंदी. आश्रमातून घरोघरी दत्तक दिलेली मुलं. मुलाची जन्मतारीख, कुणी सोडलं, कुणी नेलं, नेणाऱ्याचं नाव, धंदा, पत्ता. एका झटक्यात दिसलं तेवढं दिसलं, मग मी नजर फिरवली. बंद फायलीचा क्रमांक पाहायचा, मजकूर वाचायचा नाही, हा आमचा नियम.

चूक कशी झाली ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. पूर्वी कार्डं होती तेव्हा बंद फायलीच्या कार्डाला कोपऱ्यात लाल ठिपका असायचा. कार्डं संगणकावर घेताना ठिपका कसा टाइप करणार? म्हणून आम्ही शेऱ्याच्या रकान्यात ‘लाल’ असा शब्द टाकला. आमच्याकडे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, लाल म्हणजे बंद. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी चौकट आहे, ‘खुलं की बंद’. रिकामी ठेवली तर ते खुलं धरतं. मी ती तीनशे अठरा वेळा रिकामी ठेवली. लाल म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागेल असा कुणी आमच्यात कधी नव्हताच, त्यामुळे सांगायचं सुचलंच नाही.

मग मी दार लावून तीनशे अठराच्या तीनशे अठरा नोंदी सरळ पुसल्या. सहा मिनिटं लागली. आता रात्रीतून पोर्टलवरूनही जातील. कुणालाही काही बोलले नाही. देवा, मास्तरांखेरीज कुणी पाहिलं नसू दे.

७ मार्च, शुक्रवार

गेल्या नाहीत. सकाळी पोर्टल उघडलं तर सगळ्या जागच्या जागी.

पोर्टलच्या कचेरीत फोन केला. तिथे एक तंत्रज्ञ मुलगी आहे, मी तिला पोर्टलताई म्हणते. सगळं ऐकून तिने आमचं खातं उघडून पाहिलं. मग म्हणाली, “मॅडम, पुसायच्या नव्हत्या हो. बंद करून पाठवायच्या होत्या. तुमच्याकडून नोंद नाहीशी झाली की आमच्या यंत्राला वाटतं, तुम्ही काही कळवलंच नाही. मग ते शेवटचं आलेलं धरून बसतं.”

“मग तुम्ही काढा ना तिकडून!”

“तुमच्या नोंदीला आम्हाला हात लावता येत नाही. करारच तसा आहे. तुम्हीच प्रत्येक नोंद पुन्हा उभी करायची, आमच्याकडचा तिचा क्रमांक जोडायचा, बंदची खूण करायची आणि पाठवायची. एकेक. आणि मॅडम, पंधरा तारखेच्या आत बरं का.”

“पंधराला काय आहे?”

“दर पंधराला आमच्याकडचं सगळं अकरा संस्थळांना जातं. तिथून परत आणणं माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही.”

ते पुसणं म्हणजे मी स्वतः दाराला बाहेरून कडी घातली.

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी आधी दार लोटलं, मग विचारलं, “किती जणांना माहीत आहे?” मी म्हटलं, “मला आणि तुम्हाला.” म्हणाले, “मला नाही. मला तुम्ही पंधरा तारखेनंतर सांगणार आहात.”

माझी नोकरी गेली तर गेली, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं असतं, पण खरं नाही, त्याचीही भीती वाटतेच. पण त्याहून जास्त भीती दुसरी आहे. कुठेतरी पन्नाशीचा एखादा माणूस सहज म्हणून स्वतःच्या वडिलांचं नाव टाकेल आणि त्याला एका ओळीत कळेल. सांगणारं समोर कुणी नाही, हात धरायला कुणी नाही. नुसती एक ओळ. आणि ती मी चढवलेली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिच्या हातातला पेला निसटला. मी काचा गोळा करत असताना तिने विचारलं, “तू वाचल्यास का त्या नोंदी?”

“नाही. बंदचं आम्ही वाचत नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही गं.”

“बरं,” म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने खुर्चीत बसली. माझ्या नोकरीची तिला माझ्याहून जास्त काळजी.

८ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेले. पहिलवानाने आश्रमाच्या कार्डांचा खण वर आणून दिला. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पडद्यावर चिकटवला, फक्त क्रमांकापुरती खिडकी ठेवली. कार्डावरही तसाच एक तुकडा. पहिलवान म्हणाला, “ताई, परीक्षेत कॉपी करताय की काय?” मला हसूही आलं नाही. दिवसभरात अठ्ठेचाळीस. मान धरली.

१० मार्च, सोमवार

एकशे बारा झाल्या. आणि नवीनच संकट.

पोर्टलताईचा फोन आला. “मॅडम, दोनशे सतरा क्रमांकाची नोंद तुम्ही पाठवलीत तरी बंद होणार नाही. तिच्यावर तक्रार आहे. आधी तक्रारीला उत्तर द्यावं लागेल.”

“तक्रार? कधीची?”

“चार तारखेची. आमच्याकडे ती शुद्धलेखनाच्या तक्रारींत जाऊन पडली होती. वाचून दाखवू?”

मी उतरवून घेतली. ‘सदर नोंदीतील व्यक्ती हयात असून तिला या बाबीची काहीही कल्पना नाही. नोंद उघडी राहिल्यास सदर व्यक्तीचे व तिच्या आईचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल. सबब नोंद तात्काळ काढण्यात यावी, ही विनंती.’

चार तारीख! मला कळायच्या दोन दिवस आधी कुणाला तरी सापडलं होतं. मी साहेबांकडे धावले. तेही पांढरे पडले. म्हणाले, “ही वकिलाची भाषा आहे. नोटीस येणार.” मलाही तेच वाटलं. असं वकीलच लिहितात.

घरी आईला तो कागद दाखवला. तिने वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. मी म्हटलं, “कुणीतरी वकील लावलाय.”

“वकीलच असेल,” आई म्हणाली. मग, “नाव दिलंय का खाली?”

“नाव नसतं, फोन नंबर असतो. तोही पोर्टलवाल्यांना दिसत नाही. जो उत्तर देईल त्यालाच दिसतो.”

“उत्तर कोण देणार?”

“साहेब. अशी प्रकरणं तेच हाताळतात.”

आईने कागद परत दिला. जेवली मात्र नाही. तिच्या जिवाला माझ्यामुळे घोर लागलाय, याची मला लाज वाटते.

११ मार्च, मंगळवार

सकाळी आई तयार होऊन दारात. “मी येते तुझ्याबरोबर. माझा टाइपिंगचा वेग तुझ्या तिप्पट आहे. दोनशेच्या पुढच्या मी करते, तू आधीच्या कर.”

मी समजावलं, की बाहेरच्या माणसाला बंद दप्तराला हात लावता येत नाही. ती ऐकेना. “मी बाहेरची का?” म्हणून चक्क ओरडली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पायात चपला घालून दारात रडायला लागली. मीही चिडले. नको ते बोलले, की तुझ्या काळजीनेच मी अशी भित्री झाले. ती चपला काढून आत गेली.

आज फक्त सत्तावन्न. लक्ष लागत नव्हतं. ती दोनशे सतरा क्रमांकाची बाई मनातून जात नाही. नोंदीत मुलगा की मुलगी ते मी पाहिलेलं नाही, पण तक्रारीत ‘तिला’ म्हटलंय ना, म्हणून बाईच असणार असं धरून बसलेय. कामाला जात असेल, घरी येत असेल, तिला काही माहीत नाही. तिच्यासाठी मला रडू येतं.

१३ मार्च, गुरुवार

तीनशे सतरा झाल्या, सगळ्या पोर्टलवर बंद दिसतात. प्रत्येक तपासली. राहिली फक्त एक.

काल आईशी बोलणं नाही, आज थोडंसं. तिने माझ्या मानेला तेल चोळून दिलं. बोटं थंडगार होती तिची.

१४ मार्च, शुक्रवार

साहेब आज आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, “तब्येत बरी नाही. ते उत्तर तुमच्याच सहीने जाऊ दे. नोंदी तुमच्याच आहेत शेवटी.” मला राग यायला हवा होता, पण उद्याची पंधरा डोळ्यांसमोर होती.

साडेदहाला तक्रार उघडली. वर मजकूर, खाली तक्रारदाराचा फोन नंबर.

तो नंबर मला पाठ आहे. मीच आईला घेऊन दिलेला आहे.

पहिल्यांदा वाटलं, यंत्राची चूक. मग वाटलं, आईने तिच्या एखाद्या मैत्रिणीसाठी लिहिलं असेल, कोर्टातल्या कुणासाठी. असं काय काय वाटून घेण्यात बहुतेक पंधरा मिनिटं गेली. मग मी तो मजकूर पुन्हा वाचला आणि ‘सबब’पाशी आले. चार दिवस हा कागद माझ्या पर्समध्ये आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मी हा शब्द तिच्या तोंडून ऐकते. मी वाचू शकत नव्हते, की मला वाचायचंच नव्हतं, कोण जाणे.

सशाचं काळीज कसं धडधडतं ते आज कळलं. कानात ऐकू येत होतं. पडद्यावर पुठ्ठा होता, त्याच्या मागे दोनशे सतरा. दोन चिकटपट्ट्या ओढल्या असत्या की झालं. सगळं कळलं असतं, कुणी सोडलं, का सोडलं, माझं त्या आधीचं नाव काही होतं का. एकदा बोट पट्टीपर्यंत गेलंही. मग आठवलं, सहा तारखेपासून मी कशाला घाबरत होते. कुणाला तरी एका ओळीत कळेल, समोर कुणी नसताना. तो माणूस मीच होते, आणि समोर कुणी नव्हतं.

पुठ्ठा तसाच ठेवून मी नोंद उभी केली, क्रमांक जोडला, बंदची खूण केली. मग उत्तर लिहिलं. ‘आपल्या विनंतीनुसार सदर नोंद बंद करण्यात आली आहे. बंद करताना मजकूर वाचण्यात आलेला नाही.’ खाली माझं नाव आणि हुद्दा घालावाच लागतो. घातला. पाठवलं. अकरा चाळीसला दोनशे सतरा पोर्टलवरून गेली.

दिवसभर घरी जायची भीती वाटत होती. ज्या घरात मी चाळिसाहून जास्त वर्षं राहिले त्या घराची. आईने दार उघडलं. फोन तिच्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, “हात धुऊन घे.” आम्ही दोघी जेवलो. दोघींनाही घास गिळवत नव्हता, तरी ताटं रिकामी केली.

१५ मार्च, शनिवार

अकरा संस्थळं सकाळपासून एकेक करून पाहिली. आश्रमाची एकही नोंद कुठे नाही. पोर्टलताईने फोन करून अभिनंदन केलं. मी आभार मानले आणि खुर्चीत रडत बसले.

पोर्टलवरून गेली, पण कागद आहेतच. कचेरीतल्या माझ्या खुर्चीपासून तळघरात बावीस पायऱ्या, मग डावीकडची रांग. बावीस वर्षं मी त्या पेटीजवळून येत-जात होते.

आई दिवसभर तिच्या खोलीत. जुना टाइपरायटर काढलाय तिने. टकटक ऐकू येत होती, मध्येच थांबायची, कागद ओढल्याचा आवाज यायचा, पुन्हा सुरू. मी दार वाजवलं नाही. काय विचारू तिला? तू माझी कोण, असं? मला तिची भीती वाटत नव्हती. तिला गमवायची वाटत होती. आता लिहून काढल्यावर दिसतंय, की तीन तारखेपासून तिलाही तेच वाटत होतं.

१७ मार्च, सोमवार

सव्वाअकराला पहिलवान वर आला. “ताई, मावशी आल्यात. वाचनकक्षात अर्ज घेऊन बसल्यात. रीतसर!”

आई चांगली साडी नेसून पहिल्या टेबलाशी बसली होती, कोर्टात बसावं तशी ताठ. माझ्यापुढे कागद सरकवला. बंद फाईल ज्याची त्याला अर्ज केल्यावर पाहता येते, हा नियम तिला मी कधी सांगितल्याचं आठवत नाही. तिने शोधून काढला असणार. टाइप केलेला अर्ज, एकही खाडाखोड नाही. अर्जदार म्हणून माझं नाव. विषय, फाईल क्रमांक दोनशे सतरा पाहण्यास मिळणेबाबत. शेवटी ‘अर्जदाराची आई सोबत उपस्थित राहील’ अशी ओळ, जी कुठल्याच नमुन्यात नसते.

“सही तेवढी राहिलीय तुझी,” ती म्हणाली. “नको असेल तर फाडून टाक. मी काही म्हणणार नाही.”

“तुला हवंय का?”

“मला फार भीती वाटते,” आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. “पण तुझ्या बाबांनाही तुझी शपथ घातली आणि हे लपवलं मी. आता तू वर-खाली जिन्यावरून जाशील आणि मी घरी बसून मोजत राहीन, आज वाचलं असेल, आज वाचलं असेल. त्यापेक्षा माझ्यासमोर वाच.”

मी सही केली. मंजुरीची सहीही मलाच करावी लागते, तीही केली. पहिलवानाने पेटी आणून ठेवली, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

फाईल पातळ होती. सहा-सात कागद, पांढरी दोरी. गाठ मी सोडली. मी खुर्ची तिच्या खुर्चीला लावून बसले आणि फाईल दोघींच्या मध्ये ठेवली.

“तू वाच,” आई म्हणाली. “मी चष्मा घरी विसरलेय.”

चष्मा तिच्या नाकावर होता. मी बरं म्हटलं, आणि पहिल्या कागदापासून मोठ्याने वाचायला लागले.